कितव्या पायरीपाशी?

सोन्याबापू गेल्याचा फोन आला तेव्हा मी श्रीरामपूरच्या बाजारात एका टरबुजावर टिचक्या मारत उभा होतो. टिचकी मारल्याशिवाय टरबूज घ्यायचं नाही, हे मला बापूंनीच शिकवलेलं. आवाजावरून नेमकं काय ओळखायचं ते मात्र मला कधीच कळलं नाही. मी आपला गंभीर चेहरा करून टिचक्या मारतो आणि विकणारा देईल ते मुकाट घरी आणतो. फोन आमच्या साखर कारखान्यातल्या, बॉयलरवरच्या अशोकचा होता. "साहेब, बापू गेले," एवढंच तो म्हणाला. आणि मी काय विचारावं? "कुणी बघितलं?"... कुठलीही बातमी ऐकली की आधी हे विचारायची सवयही बापूंचीच. अशोकला ती माहीत होती, म्हणून त्यानं राग मानला नाही. सकाळी अंगणात दाढी करायला बसले होते, हातातला आरसा खाली पडला, त्यांची बायको गयाकाकू बाहेर येईपर्यंत सगळं संपलं होतं, असं त्यानं सांगितलं. हंगाम संपून कारखाना बंद झाल्याला बारा दिवस झाले होते आणि बापूंची नोकरी दोन महिने उरली होती.

टरबूज तिथंच ठेवून मी गाडी काढली, पण ती बापूंच्या गावाकडं वळवली नाही. आधी कारखान्यावर गेलो. सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिल्यांदा आली ती बापूंची बायको नव्हे, माझी फाईल. कामगारांच्या वार्षिक आरोग्य तपासणीचा अर्ज मीच तयार केलेला. कॉम्प्युटरवर बापूंचं नाव टाकलं, अर्ज उघडला. 'चालताना किंवा जिना चढताना दम लागतो का? नाही. छातीत दुखते का? नाही.' असे नऊ प्रश्न, नऊ वेळा 'नाही', आणि खाली बापूंची सही. कुणीही म्हणेल, सुटलास बाबा. मी मात्र त्या पडद्याकडं बघत बसलो, कारण ते 'नाही' नेमकं कुणाचं होतं, बापूंचं की माझं, याचा मला संशय होता. तो अजून आहे. त्यासाठीच हे लिहितोय.

मी इथं सेफ्टी ऑफिसर. कारखान्याचं नाव सांगत नाही. आमच्या जिल्ह्यात साखर कारखान्यांना तोटा नाही, वाचकांनी आपापल्या घराजवळचा धरावा. बापू आमच्याकडं फिटर होते. गाव शेवगावच्या बाजूचं, आईवडील ऊसतोडीला जायचे, बापूंचा जन्मच तोडणीवाल्यांच्या कोपीतला, पाचटाच्या झोपडीतला. उंच, सडपातळ, कानावर पेन्सिल, आणि डोळे असे की समोरच्यानं काही केलं नसलं तरी त्याला आपण काहीतरी केलंय असं वाटावं. एसटीत बसण्याआधी ते ड्रायव्हरला विचारत, "शेवगावला जाती का?" मग कंडक्टरला विचारत आणि मग शेजारच्या प्रवाशाला. तिघांचं उत्तर जुळलं तरच टेकत. लग्नाच्या पंगतीत बसायच्या आधी मांडवामागं जाऊन गॅसच्या नळीचा वास घेऊन येत. एकदा मी त्यांना पेढा दिला, माझा मुलगा दहावी पास झाल्याचा. त्यांनी तो हातात धरला आणि विचारलं, "मार्कलिस्ट आली का नुसतं फोनवर कळलं?" मार्कलिस्ट यायची होती. पेढा त्यांनी खिशात ठेवला. खाल्ला की नाही ते मला माहीत नाही.

मी रुजू झालो तेव्हा पुण्याहून कोर्स करून आलेलो, कातडी बॅग, नवीन बूट. पहिल्याच महिन्यात सगळ्या कारखान्यासाठी तपासणीचा तक्ता बनवला. चौसष्ट प्रश्न. गिअरवरची जाळी जागेवर आहे का, हो किंवा नाही. जमिनीवर तेल सांडलं आहे का, हो किंवा नाही. चौसष्टच्या चौसष्ट तसेच. त्याचं मला फार कौतुक होतं, कारण महिनाअखेरीला बेरीज करून 'सत्त्याण्णव टक्के सुरक्षित' असं रंगीत वर्तुळ काढून मोठ्या साहेबांना देता यायचं. मोठे साहेब म्हणजे आमचे जनरल मॅनेजर. त्यांना वर्तुळ आवडायचं. मग माझ्या डोक्यातून आणखी एक शक्कल निघाली. पाळीवरच्या माणसाला चौसष्ट खुणा करायला वेळ लागतो, म्हणून मी बरोबर असायला हवं ते उत्तर आधीच छापून टाकलं. काही बिघाड असेल तेवढंच खोडायचं. वेळ वाचला. सगळे खूश झाले. फक्त बापूंनी तो कागद हातात घेतला, उलटा करून मागची बाजू बघितली, पुन्हा सुलटा केला आणि घडी घालून खिशात ठेवला. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

पुढच्या पंधरवड्यात कधीतरी त्यांनी मला त्यांच्या हत्यारांच्या खोलीत चहाला बोलावलं. बापू कुणाला चहाला बोलावत नसत, त्यामुळं मी जरा छाती काढूनच गेलो. कोपऱ्यात स्टुलावर काहीतरी उभं होतं आणि त्यावर बापूंचा टॉवेल. चहा झाल्यावर त्यांनी टॉवेल काढला. आत आग विझवायचा लाल बाटला. "वळखता का ह्याला?" मी म्हटलं, बाटला आहे. त्यावर त्यांनी खिशातून कागद काढले आणि एकेक माझ्यासमोर मांडले, पत्ते मांडावेत तसे. नऊ दिवसांचे नऊ तक्ते. प्रत्येकावर 'भुश्शाच्या पट्ट्याजवळचा बाटला जागेवर आहे का?' आणि पुढं माझं छापील 'हो'. प्रत्येकाखाली 'तपासले' म्हणून माझीच झोकदार सही. बाटला नऊ दिवस बापूंच्या स्टुलावर टॉवेल पांघरून बसलेला. मला घाम फुटला. त्या पट्ट्यावर उसाचा वाळका भुस्सा बॉयलरकडं जातो, ठिणगी पडली तर... बापूंना ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. त्यांनी सांगितलं की दुसरा बाटला त्यांनी पहिल्याच दिवशी तिथल्या खांबामागं नेऊन ठेवलाय. तुमच्या कागदाची परीक्षा घ्यायची म्हणून कारखाना जाळायचा नसतो, असं म्हणाले.

आता खरं सांगतो, मी त्यांचे आभार मानले नाहीत. महिनाभर मी त्यांच्यावर पाळत ठेवली. हे नऊ कागद हा माणूस कशासाठी जपून ठेवतोय? मोठ्या साहेबांना दाखवणार? की मला आयुष्यभर दाबात ठेवणार? ते वहीत काही लिहिताना दिसले की मला वाटे, माझ्याविषयीच. शेवटी न राहवून मीच विचारलं, ते कागद कुठं आहेत. बापू म्हणाले की चहाच्या पातेल्याला धरायला फडकं नव्हतं, त्यात गेले. यावरही माझा विश्वास बसला नाही. पण त्या दिवसापासून दुपारी तीनच्या चहाला मी त्यांच्या खोलीवर जायला लागलो. आधी नजर ठेवायला, मग सवयीनं, आणि नंतर नंतर शिकायला.

प्रश्न विचारणं सोपं असतं, उत्तराला कसली जागा द्यायची हे अवघड, हे मला त्या खोलीत कळलं. कोर्समध्ये हा धडा अर्ध्या पानाचा होता. बापूंचा त्यावरचा अभ्यास चाळीस वर्षांचा, आणि तो सगळा संशयातून आलेला. फोटो मागितला तर माणूस जे दाखवायचं तेवढंच दाखवतो, गटाराला पाठ करून बागेचा फोटो काढतो. मोकळी जागा सोडली तर सगळा कारखाना 'ठीक आहे' लिहितो, आणि हे दोन शब्द बापूंना शिवीसारखे लागत. 'लागू नाही' असा एक पर्याय मी मोठ्या हौसेनं ठेवला होता. तो त्यांनी माझ्यासमोर पेन्सिलीनं खोडला, म्हणाले, ही मागच्या दारानं पळायची वाट. हो-नाही ठेवायचं ते फक्त जे गेटवरून उभं राहून दिसतं त्यासाठी. ज्या गोष्टीपाशी माणूस जायलाच हवा, तिथं आकडा मागायचा. गेजवर किती दिसलं ते लिही. धोक्याची दोरी ओढल्यावर पट्टा किती पावलं पुढं जाऊन थांबला ते लिही. मी म्हटलं, बापू, आकडा तरी खोटा लिहिता येतोच की. त्यावर ते म्हणाले, "खोटा आकडा लिवायला डोकं लागतं. एवढं डोकं चालवन्यापरीस मानूस जाऊन बघून येतोय."

बॉयलरच्या जिन्याचा प्रश्न असाच तयार झाला. लोखंडी जिना, एक्केचाळीस पायऱ्या, वर पाण्याची पातळी दाखवणारी काच. पाळीत दोनदा कुणीतरी वर जाऊन ती बघायची. माझ्या तक्त्यात होतं, 'जिन्याचा कठडा घट्ट आहे का?' बापूंनी विचारलं की एक्केचाळीस पायऱ्यांचा कठडा, त्यातला कुठला घट्ट? मग ठरलं असं की वर जाताना माणसानं कुठल्याही एका पायरीपाशी थांबायचं, तिथला कठड्याचा बोल्ट पान्यानं तपासायचा आणि पायरीचा नंबर लिहायचा. रोज वेगळी पायरी. महिन्याभरात सगळा कठडा आपोआप तपासून होतो. प्रश्न छापला, 'आज कठडा कितव्या पायरीपाशी तपासला?' पुढं नुसती दोन आकड्यांची चौकट. इतका नेटका प्रश्न मी जन्मात दुसरा बनवला नाही, आणि हा तर मी बनवलेलाच नव्हता. मोठ्या साहेबांना मात्र मी तो स्वतःचा म्हणून सांगितला. कामगारांपुढंही फुशारकी मारली की तुम्ही लिहिलेला प्रत्येक आकडा मी रोज वाचतो. बापू मागं उभे होते. "रोज?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, रोज. त्यांनी ते ध्यानात ठेवलं, हे मला फार उशिरा कळलं.

गेल्या हंगामात तक्ते मोबाईलवर आले. त्यामुळं तपासणी सुरू कधी केली, संपवली कधी, तेही दिसायला लागलं. इतरांना वर जाऊन यायला सात-आठ मिनिटं लागत. बापूंची वीस होत होती, पुढं पंचवीस झाली. मला वाटलं, सापडला. ज्या माणसानं मला नऊ कागदांवर पकडलं होतं, तो आता माझ्या हातात आला. मग मी त्यांचे आकडे काढले. दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात ते कसे छान विखुरलेले होते, एकतीस, आठ, चाळीस, बावीस. पुढं पुढं मोठे आकडे येईनातच. थंडी वाढली तशी सव्वीसच्या वर काही नाही, मग वीसच्या वर काही नाही. मी निष्कर्ष काढला की म्हातारा वर जातच नाही. खालीच कुठंतरी बसतो, अशोकला हाका मारून काचेतली पातळी विचारतो आणि लिहून मोकळा होतो. वाचकहो, मी आकडे वाचले होते बरं का. खोटं नव्हतो बोललो. फक्त पोलिसानं वाचावेत तसे वाचले.

खात्री करायची म्हणून जानेवारीत एका दुपारी मी जिन्यासमोर पत्र्यांची थप्पी होती तिच्यामागं दडून बसलो. सेफ्टी ऑफिसर, गुडघ्यांवर. हेल्मेट पत्र्याला लागून वाजेल म्हणून काढून ठेवलेलं, म्हणजे मीच केलेला नियम मीच मोडलेला. केसांत भुस्सा, नाकात भुस्सा. बापू आले. मोबाईल काढला, जिना चढायला लागले आणि चौदाव्या पायरीपाशी थांबले. पाना बोल्टला लावला. आणि फिरवलाच नाही. नुसता धरून उभे राहिले, दुसरा हात कठड्यावर, मान खाली. मी घड्याळ लावलं. एक मिनिट, दोन, चार. पाना तसाच. मग ते सावकाश पुढं चढले. आणखी दोनदा थांबले, पण वर गेले, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तरी माझ्या मनात एकच, की कामाच्या वेळेत पाना लावून नाटक करतोय. तेवढ्यात मला शिंक आली. एक आली ती पाच आणून थांबली. खाली उतरल्यावर बापू थप्पीला वळसा घालून माझ्यापाशी आले, माझ्याकडं, माझ्या केसांकडं, जमिनीवरच्या हेल्मेटकडं बघितलं.

"काय हुडकताय, साहेब?"

"तपासणी चाललीय."

"मग काय दिसलं ते लिवा," बापू म्हणाले आणि हेल्मेट झटकून माझ्या हातात दिलं.

मी लिहिलं. रागानं लिहिलं. 'बोल्ट न फिरवता उभे राहून वेळ काढतात' असा शेरा तयार करून त्यांना सहीला बोलावलं. मला वाटलं होतं भांडतील, युनियनला आणतील. त्यांनी चष्मा लावून शेरा दोनदा वाचला. "कितव्या पायरीपाशी बघितलं तुमी मला?" मी म्हटलं, चौदाव्या. "आन किती येळ?" चार मिनिटं. "मग ते लिवा की. नुसतं येळ काढतेत म्हंजी काय? आकडा न्हाई त्यात." मी चिडून आकडे घातले. 'चौदाव्या पायरीपाशी, चार मिनिटे.' त्यांनी पुन्हा वाचलं, मान हलवली आणि सही केली, अगदी समाधानानं. त्या समाधानाचाही मला संशय आला. आता वाटतं... पण ते पुढं.

मी तेवढ्यावर थांबलो नाही. वरच्या काचेचा फोटो सक्तीचा केला, फक्त बापूंसाठी म्हटलं तर बरं दिसत नाही, म्हणून सगळ्यांसाठी. बापूंचे फोटो रोज वेळेवर यायचे आणि रोज हललेले असायचे. काचेच्या दोन-दोन काचा दिसत. चहाला मी चेष्टा केली की बापू, मोबाईल बदला, हलतोय तुमचा. ते चहात बघत म्हणाले, "मोबाईल न्हाई हालत, साहेब. हात हालतोय." मी हसलो. वय झालं बापू, असंही म्हणालो बहुतेक. त्यांनी कप खाली ठेवून त्याचा तळ बघितला, नेहमीप्रमाणं, आणि उठले.

फेब्रुवारीत वार्षिक आरोग्य तपासणी आली. डॉक्टर एकच दिवस येणार, माणसं साडेतीनशे, अर्ज आधी भरून हवेत. तो अर्ज मी कसा बनवला असेल, वाचकांनी ओळखलंच असेल. ज्या माणसाला लाल बाटल्यानं एकदा धडा दिला होता, त्यानं पुन्हा वेळ वाचवायचं ठरवलं आणि नऊच्या नऊ प्रश्नांपुढं 'नाही' आधीच निवडून ठेवलं. यंत्राच्या बाबतीत शिकलेलं माणसाला लावावं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बापू आले तेव्हा माझ्या टेबलापुढं रांग होती. पडदा त्यांच्याकडं अर्धा वळलेला. मी मान वर न करता एका दमात म्हटलं, "बापू, दम, छाती, चक्कर, काही त्रास नाही ना?" बापूंनी वाकून पडद्यावरचे नऊ 'नाही' वाचले. वेळ लावून वाचले. मागं रांग चुळबुळायला लागली. मग म्हणाले, "तुमी तर आधीच लिवलंय."

मी म्हटलं, हो, तेवढाच तुमचा वेळ वाचला. आणि सहीला पेन पुढं केलं. त्यांनी सही केली. डॉक्टरांनी ज्यांच्या अर्जात 'हो' होतं तेवढेच नीट तपासले.

दहाव्यानंतर चार दिवसांनी मी बापूंच्या घरी गेलो. गयाकाकूंना मी आधी एकदाच भेटलो होतो. त्यांनी बसायला सतरंजी टाकली, पाणी दिलं आणि समोर भिंतीला टेकून बसल्या. बापूंच्या डोळ्यांत होतं तेच त्यांच्या डोळ्यांत, किंवा तीस-पस्तीस वर्षं एकत्र राहून ते आलं असेल. सांगायला लागल्या की दिवाळीपासूनच लक्षण बरं नव्हतं. रस्त्यावरून घरापर्यंत येताना तीनदा थांबायचे. कुणी बघितलं की वाकून चपलेचा अंगठा नीट केल्यासारखं करायचे. त्या रोज म्हणत की नगरला चला, मोठ्या दवाखान्यात दाखवू. पण बॉयलरवरून काढून गेटवर खुर्ची टाकून बसवतील याची बापूंना धास्ती होती, शेवटचा हंगाम त्यांना बॉयलरवरच काढायचा होता. काकू जास्त बोलल्या की एकच सांगायचे, आणि ते सांगताना काकू थांबल्या, माझ्याकडं बघितलं.

"म्हनायचे, साहेब रोज वाचतो, त्येला मी रोज लिवून देतोय. त्येला दिसंल." मग त्यांनी विचारलं, "दिलं हुतं का त्यांनी लिवून?"

आयुष्यभर लोकांना हो-नाहीचे प्रश्न विचारले, पण असा मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, हो.

"मग?" काकू म्हणाल्या.

त्या एका शब्दापुढं केवढी मोकळी जागा होती, आणि 'ठीक आहे' लिहिण्याची सोय नव्हती.   काकूंनी चहा केला. मी कपाचा तळ बघितला, तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर थोडं काही हललं.

परत आल्यावर मी आकडे पुन्हा काढले, या वेळी पोलिसासारखे नव्हे. एकतीस, चाळीस. सव्वीस. वीस. जानेवारीत चौदा, आणि त्याच तारखेचा माझा शेरा, माझ्याच अक्षरात, 'चौदाव्या पायरीपाशी, चार मिनिटे'. मग अकरा, अकरा, नऊ. शेवटच्या आठवड्यात सहा. वर जाताना पहिल्यांदा जिथं श्वास संपला, तिथं त्यांनी पाना लावला, आणि तोच नंबर लिहिला. कुणी एखाद्याचा ताप रोज लिहून ठेवावा तसा तो कागद होता, आणि तो बनवून घेणारा मी. संशयी स्वभाव असा सुटत नाही. मला अजून वाटतं की बापू काकूंना नुसते टाळत असतील, 'साहेबाला दिसंल' हे घरी सांगायला बरं पडत असेल. ते मला सांगत होते, की त्यांना खोटा आकडा लिहिताच येत नव्हता म्हणून खरा लिहीत होते? मला ठरवता येत नाही. आणि माझ्या अर्जातलं ते 'नाही'? मी मोकळी चौकट ठेवली असती, मान वर करून 'जिन्यात कितव्या पायरीपाशी थांबता?' एवढं विचारलं असतं, तर बापूंनी काय लिहिलं असतं, हे मात्र मला माहीत आहे. नऊ किंवा अकरा लिहिलं असतं. काही झालं तरी 'नाही' लिहिलं नसतं.

तो प्रश्न मी पुढच्या हंगामाच्या अर्जात घातलाय. मोठे साहेब म्हणतात की हो-नाही ठेवा, आकड्यांचं वर्तुळ कसं काढणार. मी त्यांना म्हटलं, वर्तुळ नाही निघणार. अजून ते माझ्याशी नीट बोलत नाहीत.

सध्या कारखाना बंद आहे, दुरुस्त्या चालल्यात. बॉयलर थंड. अशोकनं बापूंचा पाना सुतळीला बांधून जिन्याच्या तळाशी कठड्याला अडकवून ठेवलाय, कुणी सांगितलं नव्हतं. परवा तो घेऊन मी जिना चढलो. वरून खाली बघितल्यावर एक गोष्ट दिसली, जी पत्र्यामागून दिसली नव्हती. कठड्याचे बोल्ट रंगानं आणि काजळीनं माखलेले आहेत, एकेकाला महिन्यातून एखाद्या वेळीच पाना लागतो, पण मधले काही पान्यानं घासून चकचकीत झालेत, सव्विसावा, विसावा, चौदावा, अकरावा, नववा, असे खाली खाली उतरत आलेले. सगळ्यांत चकचकीत सहावा. त्याच्याखालचे पाच तसेच काळे राहिलेत. मी स्वतः एकोणिसाव्या पायरीपाशी थांबलो होतो, तेवढं वहीत लिहिलं. मग उतरताना सहाव्या पायरीवर बसलो. तिथला बोल्ट घट्ट आहे का, असं कुणी विचारलं तर मी हो म्हणणार नाही. दिसायला आहे. पण पाना लावून बघावं लागेल, म्हणून लावला, आणि बराच वेळ फिरवला नाही.